योजना सरकारची, झरा वाडीचा

(पुण्यात झालेल्या आपल्या कार्यकर्ता शिबिरात पिण्याच्या पाण्यावर एका वाडीवरच्या कार्यकर्त्या बाईंनी केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. वाडीच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे.)



काल संध्याकाळी आपण पुण्यात उतरलो. हातपाय धुवायला गेलो, नळ सोडला, पाणी आलं. आमच्या वाडीवरची एक आजी बरोबर आली आहे. ती नळ सोडायची, बंद करायची, परत सोडायची. मी म्हणलं, "आजी, काय करता?" तर म्हणाली, "बघते, कुठं थांबतंय का." ते काही थांबलं नाही.

हे पाणी येतं कुठून? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. मुठा, आंबी, मोसे या नद्यांचं पाणी. म्हणजे डोंगरातलं पाणी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पुणं बुडालं. तो दिवस पुण्याला पाठ आहे. पण धरणं बांधली तेव्हा ज्यांची घरं आणि जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांचा दिवस कुणाच्या पाठ नाही. आमच्या घोड नदीच्या खोऱ्यात डिंभ्याचं धरण झालं. ज्या आंबेगावचं नाव तालुक्याला आहे, ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. पाणी कालव्यानं खाली निघून जातं आणि धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या आमच्या बायका चैतात हंडा घेऊन डोंगर चढतात. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते हेच.

पण मी पुण्याला शिव्या द्यायला आले नाही. इथल्या झोपडपट्टीतल्या बाईलाही नळाला नंबर लावावा लागतो. आणि याच पुण्यात, गंज पेठेत, जोतिबा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढं १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. दोन्ही ठिकाणी पाणी होतंच. सवाल होता की त्यावर हुकूम कुणाचा. आपल्या वाडीवर आज तोच सवाल आहे, फक्त त्याला कागदावर नाव दिलंय 'लोकसहभाग'. आज मला या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

मी कमिटीत कशी आले ते आधी सांगते. यात माझीच चूक आहे, लपवणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडं नळपाणी योजना आली. योजनेसाठी गावाची पाणीपुरवठा समिती हवी आणि समितीत निम्म्या बायका हव्यात, असा नियम. एक माणूस कागद घेऊन घरी आला. म्हणाला, "तुम्हाला सही येते ना? करा इथं." मी चौथी शिकलेली. सगळ्या बायका अंगठा लावतात आणि आपल्याला सही येते, याचाच मला अभिमान. केली सही. कशावर केली ते वाचलं नाही. मी पाणी समितीची सभासद आहे हे मला कळलं योजना बंद पडल्यावर.

विहीर खोदली ओढ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेला. का तर तिथं मशीन जातं. ही आजी तेव्हा म्हणाली होती, "अरं बाबांनो, तिथं शिमग्यापर्यंतच पाणी राहतं. आम्ही जन्मापास्न बघतोय." तिला कोण विचारतो? ती काही इंजिनिअर नाही. तेव्हा योजनेत गावाची दहा टक्के वर्गणी लागायची. आम्ही एक पैसा दिला नाही. ठेकेदारानंच ती भरली. आम्हाला वाटलं, बरं झालं, पैसे वाचले. साथींनो, ती वर्गणी नव्हती, आपल्या तोंडाला लावलेलं कुलूप होतं. ज्यानं आपली वर्गणी भरली, त्याला आपण पाइप किती फूट टाकला आणि सिमेंट किती घातलं, हे कोणत्या तोंडानं विचारणार?

पहिल्या वर्षी नळ चालला शिमग्यापर्यंत. दुसऱ्या वर्षी मोटर जळाली. विजेचं बिल कुणी भरायचं यावर तंटा झाला, बिल थकलं, कनेक्शन कापलं. टाकी उभी आहे. पोरं तिच्या सावलीत गोट्या खेळतात. सरकारी कागदावर मात्र आमची वाडी पाणी मिळालेली वाडी आहे. म्हणून दुसरी योजना मागायला गेलं की म्हणतात, तुम्हाला दिली की.

मग आम्ही माहितीच्या अधिकारात कागद मागितले. २००५चा कायदा आहे, दहा रुपयांची फी. दारिद्र्यरेषेखालच्याला ती पण नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागद आले. त्यात ठराव होता की वाडीवरच्या महिलांनी सभेत बसून विहिरीची जागा एकमतानं निवडली. खाली माझी सही. ठरावाची तारीख बघितली तर भर आवणीचा दिवस! त्या दिवशी वाडीवर कुत्रंसुद्धा नसतं, सगळी खाचरात चिखलात असतात. तो कागद वाचला तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. दोन वर्षं बायका मला विचारत होत्या, ही विहीर तिथं कुणी खोदली? आणि कागद म्हणत होता की मी.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. सही म्हणजे सहभाग नाही. वर्गणी म्हणजेही सहभाग नाही. श्रमदानाला चर खोदायला बोलावलं, तोही सहभाग नाही, ती फुकटची मजुरी. सहभाग म्हणजे तीन ठिकाणी आपला शब्द चालला पाहिजे. पाणी कुठनं घ्यायचं, पैसा कुठं गेला आणि योजना कोण चालवणार.

आता हे मागायला आपल्याला आधार आहे का? आहे. भीक मागायची नाही.

सरकारचं स्वतःचं जुनं माप होतं की माणशी दिवसाला चाळीस लिटर पाणी मिळालं पाहिजे. त्याचा हिशेबही त्यांनीच केला होता. तीन लिटर प्यायला, पाच स्वयंपाकाला, पंधरा अंघोळीला, सात भांडी आणि घर धुवायला, दहा परसाकडला. पाच माणसांच्या घराला झाले दोनशे लिटर. आपला मोठा हंडा पंधरा लिटरचा धरा, म्हणजे तेरा-चौदा हंडे. आमची बाई उन्हाळ्यात चार हंडे आणते आणि त्यात दुपार जाते. पाणी किती लांब असावं याचंही जुनं माप होतं. सपाटीवर एक किलोमीटर सहाशे मीटरच्या आत, आणि डोंगरात शंभर मीटर चढ-उताराच्या आत. आम्ही दोरी घेऊन मोजलं. तुम्हीही मोजा. "लई लांब जावं लागतं" म्हणलं की साहेब मान हलवतो. आकडा सांगितला की लिहून घ्यावं लागतं.

दुसरा आधार १९९६चा पेसा कायदा. आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिमेकडच्या ज्या गावांना अनुसूचित क्षेत्र म्हणतात, त्यांना तो लागू आहे. त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, वाडी किंवा पाडासुद्धा गाव धरता येतो, म्हणजे वाडीची ग्रामसभा वेगळी भरू शकते. दोन, कुठलीही योजना सुरू करायच्या आधी ग्रामसभेची मंजुरी पाहिजे. तीन, पैसा खर्च झाल्यावर तो बरोबर खर्च झाला असा दाखला पंचायतीनं ग्रामसभेकडून घ्यायचा आहे. दाखला साहेबानं नाही, ग्रामसभेनं द्यायचा! आमच्या योजनेचा दाखला कुणी दिला? आम्ही शोधतोय अजून.

आणि नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी ग्रामसभा भरवायची, असा आपल्या राज्याचा नियम आहे. पाण्याचा विषय आधी तिथं घ्या. पुरुषांच्या सभेत बाई बोलत नाही असं नाही, पण सासरा समोर असला की निम्मंच बोलते.

आता मूळ मुद्द्याला येते. आपली संघटना जमिनीची. कुणी म्हणेल, जमिनीच्या बुलेटिनात नळाचं काय काम? ऐका मग.

आमच्या वाडीच्या वर डोंगरात झरा आहे. बारमाही. मे महिन्यात करंगळीएवढी धार असते, पण तुटत नाही. झरा उंचावर, वाडी खाली. पाइप जोडला तर पाणी उतारानं आपोआप खाली येईल. मोटर नको, बिल नको, वायरमन नको. मग योजनेत हा झरा का नाही घेतला? कारण तो राखीव जंगलात आहे. जंगलात पाइप टाकायचा तर परवानगी लागते, फाइल फिरते, कोण त्रास घेतो? म्हणून विहीर खाली खोदली, पाणी वर चढवायला मोटर लावली, मोटरीला बिल आलं आणि बिलात योजना बुडाली. जंगलाची जमीन आपली धरली नाही म्हणून ही पाळी आली. म्हणून म्हणते, जमिनीचा सवाल आणि हंड्याचा सवाल एकच आहे.

आम्ही बायकांनी झऱ्यातला गाळ काढायचं ठरवलं. फावडी घेऊन गेलो. गार्ड आला. "राखीव जंगलात खोदकाम करता? केस करीन." आजी म्हणाली, "बाबा, माझ्या सासूनं या झऱ्याला दगड लावले. तुझा जन्म व्हायचा होता तवा." पण आजीचं सांगणं कागद नाही. घाबरून परत आलो.

तेव्हा आम्हाला वनहक्काचा कायदा पुरता माहीत नव्हता. २००६चा कायदा, २००८च्या जानेवारीत त्याचे नियम आले. आपण सगळे प्लॉटाच्या दाव्यामागं लागलो, ते बरोबरच आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये पोटकलम २ आहे, तेही वाचा. त्यात तेरा सोयी दिल्यात. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, त्यातच पिण्याचं पाणी आणि पाण्याची पाइपलाइन, तळं, पावसाचं पाणी अडवायचं काम. या सोयींसाठी जंगलाची जमीन देता येते. अटी तीन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी पंच्याहत्तरच्या वर झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. सोय सरकारनं चालवायची असते, म्हणून मागणी पंचायतीनं किंवा त्या खात्यानं घालायची. पण ग्रामसभेनं शिफारस दिल्याशिवाय ती पुढं सरकत नाही. आपल्या झऱ्यापासून वाडीपर्यंत पाइप टाकायला किती जमीन लागते? हातभर रुंदीची पट्टी. झाड एकही नाही.

त्याच कायद्याचं कलम ५ बघा. ग्रामसभेला आणि हक्कदारांना जंगल राखायचा अधिकार दिलाय, आणि त्यात पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचाही अधिकार आहे. म्हणजे झऱ्याच्या वरचं रान राखणं हा आता आपला अधिकार आहे. गार्ड आला तर त्याच्याशी भांडू नका, पण घाबरूही नका. ठरावाची नक्कल जवळ ठेवा आणि ती दाखवा.

पण अधिकार मागताना आपलंही बघू या. झऱ्याच्या वरच्या अंगाला आमच्याच माणसांनी फाटी तोडली. दोन वर्षं वणवा लागला, तो काही फॉरेस्टवाल्यांनी लावला नव्हता. गुरं झऱ्यात पाणी पितात, तिथंच शेण टाकतात आणि मग पावसाळ्यात पोरांना हगवण लागते. वरचं रान उघडं पडलं की पावसाचं पाणी मुरत नाही, पळून जातं. मग पाइप सोन्याचा असला तरी त्यातून काय येणार? आता आम्ही ठरवलंय, झऱ्याच्या वर कुऱ्हाड नाही. गुरांना खाली वेगळं डबकं केलंय. विहिरीत टीसीएल पावडर पडते की नाही ते बायका बघतात.

आणखी एक. वाडीच्या कडेला पाच-सहा घरं कातकऱ्यांची आहेत. योजनेची पाइपलाइन त्यांच्या आधीच संपली होती. नकाशात ती घरंच नव्हती. हे ठेकेदारानं केलं म्हणून आपण सुटत नाही, कारण आपण पण विचारलं नाही. जो अन्याय धरण आपल्यावर करतं, तोच आपण शेवटच्या घरावर करतो का, हे विचारत चला.

तुम्ही म्हणाल, अडाणी माणसं पाणी कशी चालवतील? याच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. ते स्वतः इंजिनिअर, पुण्यातले कारखानदार. ते पाणी शेतीचं होतं, पिण्याचं नव्हतं, पण नियम ऐकण्यासारखे आहेत. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क गटाकडं परत. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः घालायचा. पाणी सोडणारा पाटकरी गटानं नेमायचा. यात इंजिनिअर लागतो तो पंपापुरता. बाकी सगळं न्यायाचं आणि हिशेबाचं काम आहे, ते आपल्याला येतं. लग्नाचा आणि जत्रेचा हिशेब आपण पैशापैशाचा ठेवतो की नाही?

काही साथी म्हणतात, सरकार आपली जबाबदारी झटकतंय. लोकांनीच वर्गणी भरा, लोकांनीच चालवा, लोकांनीच दुरुस्त करा. स्वजलधारा, जलस्वराज्य, नाव काही असो, चालवायचा सगळा खर्च गावावर. त्यांचं खरं आहे. शहरात नळ बिघडला तर बाई स्वतः पाना घेऊन जात नाही. मग डोंगरातल्या गरीबानंच का? माझं म्हणणं असं की ओझं आपल्यावर टाकताय, तर हुकूमही आपल्याकडं द्या. अंदाजपत्रक मराठीत आणि चावडीवर लावा. जागा आम्ही सांगू. दाखला आम्ही देऊ. आणि मोठी मोडतोड झाली, दुष्काळ पडला, झरा आटला, तर सरकारची जबाबदारी संपत नाही. पिण्याचं पाणी देणं हे सरकारचं काम आहे. आपण चालवायला तयार आहोत, सरकारला सोडायला तयार नाही.

मग आम्ही काय केलं? जुनी समिती ग्रामसभेत बदलली. नवीन समितीत कातकरी बाई घेतली. वही दोन बायकांकडं आणि पेटीची किल्ली तिसरीकडं. दर अमावस्येला, त्या दिवशी औत धरत नाहीत म्हणून सगळी वाडीवर असतात, तेव्हा हिशेब मोठ्यानं वाचायचा. पहिल्यांदा वाचला तेव्हा पेटीत फार नव्हतं, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला. झऱ्याच्या पाइपलाइनीसाठी ग्रामसभेनं ठराव केला, पंचायतीकडून मागणी घातली.

खोटं सांगणार नाही, पाइप अजून पडलेला नाही. फाइल टेबलावर आहे. आम्ही दर पंधरा दिवसांनी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा खुर्ची दिली नाही. आता ओळखतात. ही आजी आत जाऊन एकच विचारते, "साहेब, आमचा कागद चालतोय का झोपलाय?"

शेवटी, योजना आली तर सही करायच्या आधी विचारायचे सवाल सांगते. लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या, बाकीच्यांनी बोटावर मोजा.

एक, पाणी कुठनं घेणार? मे महिन्यात तिथं पाणी असतं हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं का?

दोन, पाणी उतारानं येईल की मोटरीनं? मोटर असेल तर दर महिन्याचं बिल किती, आणि घरटी किती येईल?

तीन, वर्गणी कोण भरतोय? ठेकेदार भरत असेल तर नाही म्हणा.

चार, पाइप शेवटच्या घरापर्यंत जातो का? नकाशा दाखवा, घरं मोजा.

पाच, जमीन कुणाची? जंगलाची असेल तर ३(२)चा ठराव झाला का?

सहा, झऱ्याजवळ किंवा विहिरीजवळ कुणी बोअर मारतंय का? सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येणार नाही, असं १९९३च्या कायद्यात होतं.

सात, सभेची तारीख काय होती आणि त्या दिवशी आपण कुठं होतो? ठराव लिहून झाला की त्याच बैठकीत वाचून घ्या. मग सही.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. त्या दिवशी कुणी म्हणालं की पाण्याचा विषय नंतर घेऊ, तर बायकांनी रिकामे हंडे घेऊन पुढं बसायचं. बोलायला जमलं नाही तरी हंडे दिसतील.

माझी सही त्या कागदावर अजून आहे, ती पुसता येत नाही. पण तिच्या खाली दुसरा ठराव लिहिता येतो, आणि तो आम्ही लिहिलाय. तुम्ही तुमच्या वाडीवर आधीच नीट लिहा.

जल, जंगल, जमीन आमची! आदिवासी एकजुटीचा विजय असो. जिंदाबाद.